विचारा बिनधास्त: साहेबाच्या बागेतले नंदी आणि चहाचे पैसे

प्रश्न: ताई, नमस्कार. मी नाशिकची, वय ६३. मुलगी-जावई इंग्लंडात रेडिंगला असतात, जूनमध्ये दोन महिन्यांसाठी जातेय. मुलीची शेजारीण म्हणते की तिकडे जुन्या मोठ्या बंगल्यांच्या बागा एखाद दिवस चॅरिटीसाठी लोकांना उघडतात, तिथे नेते. जायची खूप इच्छा आहे, पण कुणाच्या तरी घरीच जायचं म्हटल्यावर काही न्यावं लागतं का? डबा चालतो का? आणि एवढे श्रीमंत लोक तिकीट कशाला लावतात हो?

उत्तर: काकू, शेवटचं आधी सांगते, कारण मलाही पहिल्यांदा अगदी हेच वाटलं होतं. तर ते पैसे मालकाच्या खिशात जात नाहीत. तिकडे घरोघर जाऊन गरीब आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेस होत्या, आणि सरकारी आरोग्यसेवा आली ती थेट १९४८ ला, म्हणजे तोवर त्यांचा खर्च देणग्यांवरच चालायचा. मग त्यांच्या संस्थेतल्या एल्सी वॅग नावाच्या बाईंना सुचलं की एवढ्या सुंदर बागा कुंपणाआड पडून आहेत, माणशी एक शिलिंग घेऊन लोकांना आत सोडूया की! १९२७ साली ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांच्या वर जमले, राजाने सँड्रिंगहॅमची स्वतःची बागसुद्धा उघडली होती. त्यातूनच आजची नॅशनल गार्डन स्कीम, आता वर्षाला साडेतीन हजाराच्या आसपास बागा असतात, काही तर साध्या घरामागच्या परसाएवढ्या. पैसे नर्सिंगच्या, कॅन्सरच्या, हॉस्पिसच्या (म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या) संस्थांना जातात. रस्त्याच्या कडेला पिवळा बोर्ड दिसला की समजायचं.

तुम्ही रेडिंगला आहात तर माझं ऐका, सेझिंकोट नावाची हवेली आणि तिची बाग बघायला जा. जवळच्या मॉर्टन-इन-मार्श गावाला थेट ट्रेन आहे, पुढे टॅक्सी करा, चालत जायच्या फंदात पडू नका. हे घर साधारण १८०५ चं, ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परत गेलेल्या चार्ल्स कॉकरेलचं. भाऊ आर्किटेक्ट, त्याच्याकडून इंग्लंडच्या हिरव्या टेकडीवर चक्क मुघली थाटाची हवेली बांधून घेतली, वर तांब्याचा घुमट, तो आता हिरवा पडलाय. आणि भारतभर फिरून चित्रं काढलेला थॉमस डॅनियल सल्ल्याला. बागेत वरच्या अंगाला तळ्याकाठी सूर्याचं छोटं देऊळ, तिथून ओढा खाली येतो, त्यावर पूल आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत! मी तर आपोआप पिंड शोधायला लागले, बरोबरची इंग्रज बाई विचारतेय काही हरवलं का. पुलाखाली ओढ्यात पावलं टाकायला दगड मांडलेत, तिथे खाली जाऊन वर बघा. आणखी खाली तळ्यात खांबाला वेटोळं घातलेला तीन तोंडांचा नाग आहे. पूजा कशाचीच नाही, सगळी हौस, आणि हौसेचा पैसा कुठून आला हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच, पण बाग मात्र बघतच राहावी अशी आहे, ते कबूल करायलाच हवं. हे घर इतर दिवशीही तिकिटावर बघता येतं, पण चॅरिटीचा रविवार वर्षातून एकदाच असतो, मुलीला स्कीमच्या साइटवर तारीख बघायला सांगा.

आता डबा. भेटवस्तू अजिबात नको, पण डबाही नको, आणि तो शिष्टाचारापेक्षा हिशेबाचा मुद्दा आहे, कारण बहुतेक ठिकाणी चहा-केकचं टेबल असतं आणि तेही चॅरिटीसाठीच, गावातल्या बायका घरून केक करून आणतात. मी एका बागेत हिरवळीवर बसून ऐटीत पोळीभाजी उघडली, कुणी काही बोललं नाही (ते बोलत नाहीतच), पण शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या आजी पत्र्याच्या डब्यात सुट्टे मोजत लिंबाचा केक विकत होत्या आणि आमच्याकडे बघून हसत होत्या, मला घास गिळेना. शेवटी दोन केक घेतले. सुट्टे पौंड जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही. शूज सपाट घाला, गवत ओलं असतं.

आणि हो, मालक किंवा माळी बहुतेक तिथेच वावरत असतात, त्यांना झाडाचं नाव विचारा, खूश होऊन पंधरा मिनिटं बोलतात.

प्रश्न (त्याच वाचक): तिथे रोपंही विकतात म्हणे. एखादं गुलाबाचं रोप किंवा बी बॅगेतून आणता येईल का?

उत्तर: नाही हो काकू. रोप असो, बी असो, की ओल्या रुमालात गुंडाळलेली फांदी, इम्पोर्ट परमिट आणि तिकडच्या सरकारचं रोग-कीड नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. रोप घ्या आणि मुलीच्या बाल्कनीत लावा, पाणी घालायची आठवण व्हिडिओ कॉलवर करता येते.