गुरुवारची गोळी

"आईचं वय ७१. बोटं पुन्हा सुजलीत, डॉक्टर संधिवाताचं औषध वाढवायचं म्हणतात. या वयात झेपेल का हो?" हा प्रश्न घेऊन आठवड्यात एखादं तरी घर माझ्यासमोर बसतं. मी आधी घरातल्या गोळ्या बघायला मागते.

एका आजींची सून अशीच आली होती. (तपशील थोडे बदललेत.) रूमॅटॉइड संधिवात, बारा वर्षं जुना. सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नाही, ब्लाउजचे हूक नात लावून देते. मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, १५ मिलिग्रॅमची चालू होती. डॉक्टर आणखी एक औषध जोडणार होते, पण त्याआधी त्यांनी दोघींना माझ्याकडे धाडलं.

आजींनी पिशवीतून बटवा काढला. वेलची, सुपारीचं खांड आणि रबरबँड लावलेल्या दोन स्ट्रिप. बिल अठरा आठवड्यांपूर्वीचं, गोळ्या वीस. आठवड्याला एक, म्हणजे दोन उरायला हव्यात. मोजल्या तर तेरा!

सून काही बोलणार, तेवढ्यात मी हातानंच थांबवलं. रागावलं की पुढच्या खेपेला बटवा घरीच राहतो.

"गोळी गुरुवारची, अन् गुरुवारी माझा उपास," आजी म्हणाल्या. "शुक्रवारभर मळमळतं, भजनाला बसवत नाही. शेजारीण म्हणते, ही कॅन्सरची गोळी, लिव्हर खाते. मग फार ठणकलं की मेडिकलमधून दुखण्याची आणवते."

शेजारीण अगदीच खोटं बोलत नव्हती. हेच औषध कॅन्सरलाही देतात, पण कितीतरी मोठ्या डोसात. संधिवातात डोस छोटा असतो, आणि लिव्हरवर रक्ततपासणीतून नजर ठेवतात. मला धास्ती वाटली ती दुखण्याच्या गोळीची. ती निघाली डायक्लोफेनॅक, महिनोन्‌महिने रोज एक-दोन. वयानं किडनी आधीच मंदावलेली, त्यावर हा मारा. मग मेथोट्रेक्सेटही शरीरात साचू लागतं.

किडनी कशी चालतेय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलंच निघालं. डॉक्टरांनी नवं औषध बाजूला ठेवलं, डायक्लोफेनॅक बंद केलं. क्रिएटिनिन उतरल्यावर मेथोट्रेक्सेट १० पासून पुन्हा सुरू केलं, रविवारी रात्री जेवणानंतर. सोमवारी फॉलिक ॲसिड, मळमळीसारखा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून तोवर कमी डोसचं स्टेरॉइड, साखर तपासत. कॅलेंडरवरच्या रविवारांना सुनेकडून लाल गोल करून घेतले, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

गोळ्यांचा हिशेब चोख असतो आणि सूज तरीही वाढते, अशीही घरं येतात. तिथे औषध वाढवावंच लागतं. वाट बघत बसलं तर वाकडं झालेलं बोट सरळ होत नाही. झेपेल की नाही, ते वयापेक्षा किडनी, लिव्हर आणि रक्तपेशींच्या रिपोर्टवरून कळतं.

तिसऱ्या भेटीत आजींनी न मागताच बटवा पुढे केला. "मोजा." एक जास्त निघाली.

"नातवाच्या बारशात राहिली," म्हणाल्या, आणि बटव्याची नाडी स्वतःच ओढून बांधली.