उन्हाळ्यात छोटा ट्रेलर घेऊन उंचावर मुक्कामाच्या जागा कशा शोधाव्यात?

फीनिक्सजवळ राहता, यंदा १६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतलात, जुलैमध्ये पुण्याहून आई-बाबा येणार आहेत आणि त्यांना महिनाभर एसीत कोंडून ठेवायचं नाही. म्हणून उंचावरच्या थंड कॅम्पसाइट्स कशा शोधायच्या, असं विचारलंत. २०२३ साली फीनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला होता, त्यामुळे तुमची घाई समजते. ठिकाणांची नावं पुढे देतेच. पण आधी शोधायची रीत सांगते, कारण जुलैतल्या शनिवारी नावाजलेल्या सगळ्या जागा भरलेल्या असतात आणि तेव्हा रीतच कामाला येते.

कॅम्पग्राउंड शोधण्याआधी उंची ठरवा. दर हजार फुटांमागे तापमान साधारण साडेतीन अंश फॅरनहाइटने उतरतं, ॲरिझोनातल्या कोरड्या दुपारी त्याहूनही जास्त. फीनिक्स आहे ११०० फुटांवर. साडेसात हजार फुटांवर गेलात की पंचवीसेक अंशांचा फरक पडतो, नऊ हजारांवर तीसेक अंशांचा. छोट्या ट्रेलरवाल्यांसाठी हे गणित फार मोलाचं आहे. जंगलातल्या बहुतेक जागांवर विजेची जोडणी नसते, आणि तुमच्या बॅटरीवर एसी फार वेळ चालणार नाही. जनरेटर लावला तर आवाजाने आपलीही झोप जाते आणि शेजाऱ्यांचीही. पुरेशा उंचीवर एसीची गरजच उरत नाही. एकदा हे मान्य केलं की 'हुकअप (म्हणजे अशी जोडणी) असलेली जागा' ही अट गळून पडते आणि निवड कितीतरी पटींनी वाढते.

म्हणून उंच, उंच आणि आणखी उंच असं मात्र करू नका. तुमच्यासाठी ७,५०० ते ९,२०० फूट हा पट्टा सर्वांत चांगला. दहा हजारांच्या वर जुलैतही रात्री पारा गोठणबिंदूच्या जवळ येतो, आणि आई-बाबांचा विचार केला तर ते बरं नाही. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांचं. म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसाने घरच्या डोंगरांत कितीही चढाई केली असली, तरी या उंचीवर झोपायची सवय त्याच्या शरीराला नसते. ८,००० फुटांच्या वर डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हे त्रास सुरू होऊ शकतात. पहिली रात्र पाच ते सात हजार फुटांवर काढा. पेसन साधारण ५,००० फुटांवर आहे, फ्लॅगस्टाफ ६,९०० वर. दुसऱ्या दिवशी वर जा. भरपूर पाणी प्यायला द्या, पहिल्या दिवशी चालायला लावू नका. दोघांपैकी कुणाला हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. वर गेल्यावर धाप कमी होईना किंवा बोलण्या-चालण्यात गोंधळ दिसला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. हजार-दोन हजार फूट उतरल्यानेही बहुतेकांना लगेच आराम पडतो.

आता शोधण्याबद्दल. नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे सरकारी जंगलात, दोन प्रकारे राहता येतं. एक म्हणजे बांधीव कॅम्पग्राउंड: टेबल, शौचालय, कधी पाण्याचा नळ, रात्रीचं भाडं. दुसरं म्हणजे डिस्पर्स्ड कॅम्पिंग, जंगलाच्या रस्त्याकडेला मोकळ्या जागेत, बहुतेक ठिकाणी फुकट आणि सहसा १४ दिवसांपर्यंत. दुसऱ्या प्रकारात काहीही सोय नसते: पाणी आपलं, कचरा आपला, सांडपाण्याची टाकीही भरून परत न्यायची. पण छोट्या ट्रेलरचं खरं सुख तिथेच आहे. तीस फुटी घर ओढणाऱ्याला वळायला जागा मिळत नाही म्हणून तो ज्या फाट्यावर शिरत नाही, तिथे तुम्ही आरामात शिरता.

या फुकट जागांसाठी मोटार व्हेइकल यूज मॅप घ्या. फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे इथलं वनखातं, प्रत्येक जंगलासाठी हा गाड्यांच्या रस्त्यांचा नकाशा काढते. रेंजर ऑफिसात कागदावर मिळतो, नाहीतर अवेन्झा ॲपमध्ये उतरवून ठेवा. सिग्नल नसतानाही आपण नकाशावर कुठे आहोत ते दिसतं. नकाशा काळा-पांढरा आणि रुक्ष असतो, पण कायद्याने तोच चालतो. ज्या रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपक्यांची रांग दिसते, तिथे गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो. किती फूट आत जायचं ते तक्त्यात लिहिलेलं असतं आणि जंगलागणिक बदलतं. या नकाशावर उंची मात्र नसते. म्हणून शेजारी टोपो, म्हणजे उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघडायचा. गाया किंवा कॅलटोपो, कुठलंही ॲप चालेल.

दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की काम सोपं होतं. आधी टोपोवर ८,००० ची रेषा शोधा. तिच्या वर जिथे उंचीच्या रेषा एकमेकींपासून लांब-लांब गेल्यात, तिथे सपाटी. जिथे त्या चिकटून आल्यात, तिथे दरी किंवा चढ, म्हणजे ट्रेलर आडवा उभा करायला जागा नाही. मग अशा सपाटीतून ठिपकेवाला रस्ता जातो का ते बघा, आणि तो डांबरी रस्त्यापासून मैल-दोन मैलांत आहे का तेही. शेवटी उपग्रहाचं चित्र. झाडांमध्ये फिकट मातीचे गोल डाग आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या दोन चाकोऱ्या दिसल्या, तर तिथे आधीच लोक राहिलेले आहेत. अशाच जुन्या जागा निवडा. नवीन गवत तुडवायचं कारण नाही. झाडांवरूनही उंची ओळखता येते. नुसते पाँडेरोसा पाइन असतील तर सात-आठ हजारांच्या आसपास आहात. ॲस्पेन आणि फर दाट व्हायला लागले की त्याहून वर.

जागेवर पोहोचलात तरी ट्रेलर घेऊन एकदम आत शिरू नका. डांबरी रस्त्याजवळ रुंद जागा बघून थांबा, एकाने पायी किंवा नुसत्या गाडीने पुढे जाऊन वळायला जागा आहे का ते बघून यावं. उभं राहताना तीन गोष्टी बघा. डोक्यावर वाळलेलं झाड नको. गवताळ कुरणाच्या अगदी तळाशी नको, कारण रात्री थंड हवा जड होऊन तिथेच साचते. कुरणाच्या कडेला, झाडांच्या हद्दीत थोडं वर थांबलात तर पहाट बरीच उबदार जाते. तिसरं, जमीन सपाट हवी. तुमचा फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तिरका उभा करून तो नीट चालत नाही. उंचीवर तसाही हा प्रकार जरा कुरकुरतोच, ज्योत विझते, म्हणून दूध-दही घरूनच पूर्ण थंड करून न्या आणि दिवसातून दोनदा फ्रिज तपासा.

नावं सांगायची तर फीनिक्सहून सगळ्यात जवळ मोगोयॉन रिम हा लांबलचक कडा. ८७ नंबरच्या हायवेने पेसन, तिथून २६० ने कड्यावर. अडीच तासांत साडेसात हजार फुटांच्या पुढे. कड्याला धरून फॉरेस्ट रोड ३०० जातो, खडीचा आहे पण जपून नेलात तर ट्रेलर जातो. वुड्स कॅन्यन लेकच्या बाजूला गर्दी फार असते आणि काही पट्ट्यांत खुणा केलेल्या जागांवरच राहता येतं. निघण्याआधी तिथल्या वनकचेरीला, ब्लॅक मेसा रेंजर डिस्ट्रिक्टला, फोन करा.

पण आई-बाबांना घेऊन मी जाईन ते बिग लेकला. व्हाइट माउंटन्समध्ये, साधारण ९,००० फुटांवर, तळ्यापर्यंत डांबरी रस्ता, एकमेकांजवळ बरीच कॅम्पग्राउंड्स, त्यांतलं रेनबो सगळ्यात मोठं. उघडं कुरण, कडेला स्प्रूसची झाडं, दुपारीही स्वेटर जवळ ठेवावासा वाटतो. बाबांना सकाळी चालायला सपाट वाट मिळते, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आणखी दक्षिणेला अल्पाइनच्या पुढे हॅनगन मेडो आहे, ९,१०० फुटांवर, शांत. तिथे जायचं तर उत्तरेकडून, अल्पाइनहूनच जा. मोरेन्सीकडून येणाऱ्या १९१ नंबरच्या रस्त्यावर शेकडो वळणं आहेत, ट्रेलर ओढत तो घाट करायची काही गरज नाही. फ्लॅगस्टाफजवळच्या लॉकेट मेडोचे फोटो बघून मोह होईल. रस्ता अरुंद आणि कड्याच्या धारेवरून, तिथे ट्रेलर नेऊ नका.

आठवडाभर सुट्टी असेल तर कोलोराडो. ड्युरँगोहून ५५० नंबरने सिल्व्हर्टनकडे निघालात की मोलास पासच्या परिसरात साडेदहा हजार फुटांच्या वर तळ्याकाठी राहता येतं. तुमच्या पट्ट्यापेक्षा ते उंच आहे, म्हणून आई-बाबा सोबत असताना मुक्काम सिल्व्हर्टनच्या आसपास ९,३०० फुटांवर, म्हणजे पट्ट्याच्या काठाशीच, करा आणि मोलासला दिवसा जाऊन या. सिल्व्हर्टनच्या पुढे रेड माउंटन पास ओलांडून यूरे गावाला ट्रेलर नेऊ नका. ११,०१८ फुटांची ती खिंड, बऱ्याच भागात कठडा नाही, आणि परत येताना तुम्ही दरीच्या बाजूला असता. ट्रेलर कॅम्पवर ठेवून नुसत्या गाडीने जा, रस्ता बघण्यासारखा आहे.

बुकिंगचं थोडक्यात: सरकारी कॅम्पग्राउंड्सचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं, बऱ्याच ठिकाणी ६ महिने आधी खुलं होतं. जुलै हातचा गेला असेल तरी रद्द झालेल्या जागा रोज बघत राहा, आणि 'आधी येईल त्याला' असलेल्या जागांसाठी बुधवारी किंवा गुरुवारी दुपारच्या आत पोहोचा. लांबी भरताना ट्रेलर पुढच्या दांड्यासकट टेपने मोजून घ्या. कागदावरचे १६ फूट कधी नुसत्या खोलीचे असतात. आई-बाबांकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ किंवा जास्त असेल, तर सीनिअर पास काढा, बहुतेक सरकारी कॅम्पग्राउंड्सचं भाडं निम्मं होतं. व्हिजिटर व्हिसावर तो मिळत नाही.

वाटेचं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे बिग लेकला पोहोचेपर्यंत पाव ताकद गेलेली असते. पहाटे पाचला निघा. ८७ चा चढ दुपारच्या उन्हात चढू नका. इंजिन तापतं आणि ट्रेलरचे टायरही. निघताना टायर थंड असतानाच हवा तपासा आणि बाजूवरची तारीख बघा, नक्षी कोरी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांपूर्वीचे टायर मी तरी या रस्त्यावर नेणार नाही. उतरताना खालचा गिअर आधीच टाका, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरू नका.

स्वयंपाकाचं खास सांगते, कारण हे इथल्या इंग्रजी माहितीत सापडत नाही. नऊ हजार फुटांवर पाणी ९१ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा दाताखाली येतो. कुकर न्याच. पण बाहेरचा दाब कमी असल्यामुळे कुकरच्या आतला दाबही घरच्यापेक्षा कमीच राहतो, म्हणून डाळ तासभर भिजवून ठेवा आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त करा. चिवड्याची पाकिटं टम्म फुगतील, त्यात बिघडलेलं काही नसतं. लोणच्याची बरणी मात्र वर गेल्यावर पहिल्यांदा उघडताना झाकण हळूहळू सैल करा, नाहीतर तेल उसळून बाहेर येतं. जेवण झाल्यावर भांडी, खरकटं, तेलाची बाटली, सगळं गाडीत बंद. काळी अस्वलं आहेत आणि फोडणीचा वास लांब जातो.

आगीबद्दल मी कळकळीने सांगते. ॲरिझोनाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी वणव्याची घटना, २०११ ची वॉलो फायर, याच व्हाइट माउंटन्समध्ये झाली. ५ लाख ३८ हजार एकर जळालं आणि सुरुवात झाली ती कॅम्पवाल्यांनी सोडून दिलेल्या शेकोटीतून. जळके बुंधे तुम्हाला रस्त्यावरून अजून दिसतील. जूनमध्ये बहुधा शेकोटीवर बंदी असते, कधी अख्खं जंगलच बंद करतात. निघायच्या आदल्या दिवशी त्या जंगलाची स्थिती बघा. बंदी नसली तरी राखेत पाणी ओतून, ढवळून, हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नका. बंद-चालू करायचं बटण असलेली गॅसची शेगडी सहसा चालते, तेवढी पुरेशी आहे.

जुलैच्या सुरुवातीपासून इथला मान्सून लागतो. सकाळ निरभ्र, दुपारी एकनंतर गडगडाट, संध्याकाळी पुन्हा उघडीप. फिरणं सकाळी उरकून घ्या, विजा सुरू झाल्या की तळ्याकाठी किंवा कड्यावर थांबू नका. ट्रेलर फायबरग्लासचा असेल तर विजेपासून तो वाचवत नाही, सगळ्यांनी गाडीत बसावं. पावसानंतर मातीचे फाटे निसरडे होतात, अशा वेळी जागा हलवण्यापेक्षा एक दिवस थांबलेलं बरं.

गाडीचं मॉडेल आणि ट्रेलरचं भरलेलं वजन प्रतिक्रियेत लिहा. सामान आणि पाण्यासकट ते गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेच्या किती जवळ जातं, यावर बिग लेकचा चढ आरामात होईल की रिमवरच थांबावं, ते ठरेल.