जिजीबद्दल बोलायचंय म्हणतेस तर

बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागाच होतो, मे महिन्यात आपल्याकडे झोप लागते कुठे, बारापर्यंत पत्रे तापलेलेच असतात. तुझ्या आजीच्या, आपल्या जिजीच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या विधीला, पाच मिनिटं बोलायचंय, लिहिलेलं बघून द्या म्हणालीस. बघितलं. मायेचा सागर, त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू आणि खाली "सर, आजीने तसं मोठं असं काही केलं नाही ना, म्हणून सुचत नाहीये". ही शेवटची ओळ वाचून उठूनच बसलो. राग आला, खोटं कशाला सांगू.

सागर-बिगर सगळं खोड आधी. हे शब्द कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवर पण आहेत, तिथे फोटो बदलला की काम भागतं. जिजीने काय केलं ते सांग. कधी, कुठे, किती. आणि माहीत नसेल तर विचार.

दोन वर्षांपूर्वी मी वही घेऊन तिच्या ओट्यावर बसलो होतो, तर म्हणे "मन्हं काय लिखशी रे?" आणि शेंगा फोडत राहिली. तीन दुपारी गेल्या तेव्हा कुठे बोलायला लागली. जन्म फैजपूरला काँग्रेस भरली त्या साली, म्हणजे 1936. तिचे वडील पायी गेले होते आणि परत आले तेव्हा ही पंधरा दिवसांची होती म्हणे. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन म्हणून मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि आमच्या गल्लीत एका बाईचा तो जन्माचा दाखला होता.

72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची हे तरी तुला माहितीय का? तुझे बाबा तेव्हा चार वर्षांचे. कामावर बायांची तान्ही पोरं उन्हात पडलेली असायची, जिजीने मुकादमाशी भांडून निंबाखाली लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि हिशोब असा लावला की रोज एक बाई सगळी पोरं सांभाळेल, वाटायला येणारी सुकडी भरवेल, आणि तिच्या वाटची खडी बाकीच्या भरून देतील. मोजणीला कमी पडलं तर सगळ्यांचं पडेल, एकटीचं नाही. अंगणवाडी योजना 1975 ची आहे बेटा, ही त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. आणि तू म्हणतेस मोठं काही नाही.

मग ते पोलिओचे रविवार. केळीच्या बागांमध्ये सातपुड्यातून आलेली पावरा, बारेला मंडळी खोपटं टाकून राहायची, नर्सबाई दिसल्या की आया पोरांना घेऊन बागेत घुसायच्या. जिजी पुढे जायची, कुणाच्या तरी चुलीपुढे बसायची, दोन भाकरी थापून द्यायची आणि मग डोसाचं नाव काढायची. साठीची बाई होती तेव्हा! करंगळीवर शाई लावायचं काम दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. 2014 ला देश पोलिओमुक्त झाल्याची बातमी आमच्याकडेच टीव्हीवर बघितली तिने, म्हणे "मंग मन्हं काम सरनं म्हना". हसत नव्हती.

आता हे पण ऐक, नुसतं गोड बोलू नकोस. गल्लीत बाळंतीण अडली की निरोप जिजीला, कुणी गेलं की निरोप जिजीला, आणि तुझी आत्या सातवीत असल्यापासून घरभराच्या भाकरी टाकायची, शाळा सुटली ती त्यातच. ती अजून बोलून दाखवते. ते सांग. तुझे बाबा डोळे वटारतील, वटारू दे. त्यांच्याच डीएडसाठी जिजीने पोत मोडली आणि पुढे जन्मभर काळ्या मण्यांवर राहिली, ते पण त्याच पाच मिनिटांत सांग. दोन्ही एकाच बाईचं आहे.

मी एवढा का तडतडतोय? माझी आई 1998 ला गेली. मी मराठीचा मास्तर, दोन पानी स्मरणपत्रिका छापली, कडब्याच्या गंजीएवढी विशेषणं, लोकांनी कौतुक पण केलं. आठ महिन्यांनी एसटी स्टँडवर एक बाई आली, म्हणे तुमच्या आईमुळे मी सही करते, मागच्या ओट्यावर दुपारी आम्ही नऊ जणी शिकायला बसायचो, दोन वर्षं. नऊ जणी! माझ्याच घराच्या मागे! आता मी दुपारी शाळेत असायचो, संध्याकाळी दहावीचे जादा तास, दोन बहिणींची लग्नं माझ्या एकट्याच्या पगारात, मला कळणार कसं? तिनेही कधी सांगितलं नाही. माझी फार चूक होती असं मी अजूनही मानत नाही. विचारलं नाही एवढं खरं.

तेव्हापासून कुणी गेलं आणि त्यांच्या दारावर बसायला गेलो की विचारतो, गेलेली बाई काय करायच्या, कुठे जायच्या, कुणाबरोबर. लोक वैतागतात. आमच्या घरातली तर म्हणते, रडू तरी द्या त्यांना.

आणि बहिणाबाईंची ओळ टाकू नकोस, सगळेच टाकतात. त्यापेक्षा हे लक्षात घे की त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने त्या ओव्या वेळच्या वेळी लिहून ठेवल्या म्हणून बहिणाबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी, 1952 ला, पुस्तक निघू शकलं. कुणीतरी लिहून घेतलं.

तर उद्या आत्याकडे जा, मग त्या मागच्या गल्लीतल्या म्हातारीकडे, खडीच्या कामावर जिजीसोबत होती ती. सकाळी नऊच्या आत जा, नंतर ऊन सोसत नाही तिला, आणि डाव्या कानाशी बोल. पोरं किती होती झोळीत, मुकादम काय म्हणाला, सगळं विचार. मला जिजीने आकडा सांगितलेला नाही.

वही नसेल तर माझी घेऊन जा, बरीच कोरी आहे. पुढची सहा पानं माझ्या आईची आहेत, तेवढीच भरलीत, ती सोडून लिही.

तुझा,
सर