टीएसएच नॉर्मल, मग गळ्याची गाठ वाढली कशी?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. माझ्या जेठानीचा गळा दोन-तीन वर्षांपासून फुगलाय, पण टीएसएच नॉर्मल आला. शेजारची म्हणते रिपोर्टच चुकला. घरात अजून खडेमीठच चालतं, तर आयोडीनचे थेंब आणून द्यायचे का?

उत्तर : ताई, थेंब नका आणू. आणि रिपोर्ट चुकलाच असं काही नाही.

टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, थायरॉईडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला चिकटतं, मग पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचं निरोप्या रसायन वाढतं आणि तिथून पेशीला दोन हुकूम जातात, हार्मोन बनव आणि वाढ. पण एकट्या टीएसएचने पेशी नीट वाढत नाही, सोबत इन्सुलिन किंवा त्याच्यासारखंच आयजीएफ-१ नावाचं वाढीचं हार्मोन लागतं. केळीला नुसतं पाणी सोडून घड भरतो का, खत पण लागतंच ना, तसंच. ज्यांच्या अंगात ग्रोथ हार्मोन जास्त होतं त्यांचं आयजीएफ-१ पण वाढतं, आणि टीएसएच न वाढताही त्यांच्यात गलगंड बऱ्याचदा दिसतो.

आता मिठाचं. आयोडीन हा हार्मोनचा कच्चा माल आहे हे सगळ्यांना माहितीये, पण तो पेशीच्या वाढीला लगामही घालतो हे फार कोणी सांगत नाही. आयोडीन कमी पडलं की लगाम सुटतो, पेशी टीएसएचला जास्तच दाद द्यायला लागते, म्हणजे नॉर्मल टीएसएचवरही ग्रंथी हळूहळू फुगू शकते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, पाकिटातल्या आयोडीनवाल्या मिठातून ते मिळतं. खडेमिठात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलंच नसतं, ते आधी बदला.

थेंब का नको? जुन्या गाठीतल्या काही पेशींच्या रिसेप्टरमध्ये बिघाड होतो आणि तो टीएसएच नसतानाही चालूच राहतो. अशा पेशींना एकदम भरपूर आयोडीन मिळालं तर हार्मोन बेसुमार बनतं, छाती धडधडते, वजन उतरतं, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला तर ते झेपत नाही. जेठानीबाईंचा टीएसएच नॉर्मल आहे म्हणून आज तसं वाटत नाही, पण पुढे तो कमी आला तर थायरॉईड स्कॅन लागेल.

सध्या गळ्याची सोनोग्राफी करा, त्यात गाठ संशयास्पद वाटली तरच सुईची तपासणी. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण आवाज बसला, गिळायला त्रास झाला किंवा गाठ भराभर वाढली तर केळीची कापणी उरकायची वाट बघत बसू नका. आणि कोणाच्या सांगण्यावरून गाठ जिरवायला म्हणून थायरॉईडची गोळी सुरू करू नका.