रब्बी, रव, रब्बान

प्रश्न असा होता : 'रब्बी' म्हणजे ज्यूंचे भटजी का? मग तालमूदमधले (ज्यूंच्या धर्मचर्चांचा मोठा ग्रंथ) काही विद्वान 'रब्बी', काही नुसतेच 'रव' आणि हिलेलसारख्या थोर माणसाला काहीच उपाधी नाही, असं का? आणि रब्बी हंगामाशी याचं काही नातं?

हंगामाचं आधी उरकतो. नातं नाही. पिकांचा रब्बी अरबी 'रबीअ' म्हणजे वसंत ऋतू, त्यावरून आला. ज्यूंच्या रब्बीचं मूळ हिब्रू 'रव' : मोठा, धनी, गुरू. याचा सख्खा भाऊ म्हणजे पंजाबी गाण्यांतला 'रब'.

'रब्बी'तली शेवटची 'ई' म्हणजे 'माझा'. माझे गुरुजी! मुळात ही हाक. शुभवर्तमानांत शिष्य येशूला हीच हाक मारतात. पुढे त्यातलं 'माझे' झिजलं आणि उपाधी उरली. 'रब्बान' म्हणजे 'आमचे गुरू'. आपल्या ओळखीच्या 'मौलाना'तही 'ना' म्हणजे 'आमचे'च, पण तो आता कोणाला ऐकू येतो?

भटजी मात्र म्हणू नये. मराठीत शाळेतलेही गुरुजी आणि सत्यनारायण सांगणारेही गुरुजी, घोटाळा तिथेच होतो. ज्यूंचा पुरोहित तो कोहेन, आणि तो जन्माने ठरतो. रब्बी व्हायचं ते शिकून. योहानान हा-संदलार या रब्बीच्या नावातच चपला आहेत, यित्झाक नप्पाहाच्या नावात लोहाराचा भाता. शिक्षण म्हणजे पाठांतर, वाद आणि गुरूची सेवा. तिला 'शिम्मुश' म्हणत. ग्रंथ शिकला पण विद्वानांची सेवा केली नाही, तो अडाणीच, असं तालमूदमधलं एक मत सांगतं.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, कोहेनांचं मुख्य कामच गेलं. त्यानंतर याव्ने या गावी रब्बान योहानान बेन झक्काई यांच्याभोवती विद्वान जमले, आणि उपाधी रुळली ती साधारण याच काळात. हिलेल त्याआधीचा. जुनं वचनच आहे : रवपेक्षा रब्बी मोठा, रब्बीपेक्षा रब्बान, आणि रब्बानपेक्षा नुसतं नाव मोठं.

या वचनामुळे 'रव' कमी शिकलेला असं वाटतं, ते मात्र खरं नाही. फरक मुलखाचा आहे. गुरूने शिष्याला अधिकार देणं म्हणजे 'समीखा', शब्दशः हात टेकणं. बायबलमध्ये मोशेने आपला वारस यहोशवा याच्यावर ठेवला तसा. ही समीखा फक्त इस्राएलच्या भूमीतच देता येई. म्हणून तिथले ते रब्बी, बाबिलोनियातले (आजचा इराक) ते रव, मग विद्वत्ता कितीही असो. गंमत म्हणजे तालमूदमध्ये नुसतं 'रब्बी' म्हटलं की मिश्नाचे (तालमूदचा गाभा असलेली नियमसंहिता) संपादक यहूदा हा-नासी समजायचे आणि नुसतं 'रव' म्हटलं की बाबिलोनियातल्या सुरा गावचे अब्बा अरिखा.

हा अधिकार पोकळ नव्हता. 'शिकवू दे का? शिकवू दे. निवाडा करू दे का? करू दे.' अशी परवानगी बाबिलोनियाला निघालेल्या रब्बा बार हाना या विद्वानासाठी मागितल्याची नोंद आहे. रोमनांनाही त्याचं वजन कळत होतं. तालमूद सांगतो, समीखा देणारा मरेल आणि ती ज्या गावात दिली ते गाव उद्ध्वस्त होईल, असं त्यांनी फर्मान काढलं. तेव्हा यहूदा बेन बावा उशा आणि शफाराम यांच्या मधे, दोन्ही गावांच्या हद्दीबाहेर जाऊन बसला आणि पाच शिष्यांना समीखा दिली. शिपाई आले तेव्हा त्याने शिष्यांना पळायला सांगितलं, स्वतः हलला नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजात परंपरेने रब्बी नव्हतेच. धार्मिक बाबी पाहणाऱ्याला ते 'काजी' म्हणत.