शिक्षकांची शंकापेटी : आम्लपर्जन्याचा गटप्रकल्प

पावसाळ्यापूर्वीच्या या अंकासाठी आलेल्या पत्रांत आम्लपर्जन्याच्या प्रकल्पाविषयी विचारणा करणारी पत्रे बरीच आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाचे गट पाडून त्यांना आम्लपर्जन्य हा विषय संशोधनासाठी दिला. महिन्याभराने हाती आलेल्या प्रकल्पवह्यांत स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी तीच ती चित्रे चिकटवलेली होती आणि कारणे, परिणाम, उपाय या क्रमाने तोच मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवलेला होता. यंदा मुलांनी खरोखर काही शोधावे अशी इच्छा आहे. विषयाची वाटणी कशी करावी?

उत्तर : मुलांनी उतरवून काढले याचा दोष मुलांकडे फारसा जात नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर एका पानावर तयार छापलेले मिळते, त्यावर संशोधन होत नाही, नक्कलच होते. म्हणून वर्गाला विषय देण्याऐवजी एक प्रत्यक्ष घडलेले प्रकरण द्यावे आणि त्याची एकेक बाजू एकेका गटाकडे सोपवावी. महाराष्ट्रात यासाठी डहाणूइतके सोयीचे प्रकरण दुसरे नाही.

डहाणू तालुका चिकूच्या वाड्यांसाठी सर्वांना ठाऊक आहे. केंद्र सरकारने १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला आणि त्याच तालुक्यात, खाडीकाठी, ५०० मेगावॉटचे कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. चिमणीवाटे बाहेर पडणाऱ्या धुरातून सल्फर डायऑक्साइड हा पावसाला आम्लधर्मी करणारा वायू काढून घेणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती प्रत्यक्ष चालू व्हायला २००७ साल उजाडले. यंत्रणेचे तत्त्व आठवीच्या मुलांना सहज समजण्यासारखे आहे. समुद्राचे पाणी मुळातच किंचित आम्लारीधर्मी असते. त्याने धूर धुतला की वायू पाण्यात विरघळून आम्ल तयार होते आणि तिथल्या तिथे त्याचे उदासिनीकरण होते, म्हणजे त्याचा आम्लपणा नाहीसा होतो.

आता वाटणी. एका गटाने केवळ कोळशाचा हिशेब करावा. भारतीय कोळशात राख भरपूर, पण गंधक तुलनेने कमी, साधारण अर्धा टक्का असते. एक टन कोळशात अर्धा टक्का म्हणजे ५ किलो गंधक. ते जळताना स्वतःच्या वजनाइतकाच ऑक्सिजन घेते, म्हणून त्यातून सुमारे १० किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. एवढे गणित फळ्यावर सोडवून झाले की वीजकेंद्रात दिवसाला किती कोळसा जळतो हे शोधण्याची ओढ मुलांना आपोआप लागते, ती लावावी लागत नाही. दुसऱ्या गटाने धूर धुण्याच्या यंत्रणेचा अभ्यास करावा. चंद्रपुरात समुद्राचे पाणी मिळणार नाही; त्याऐवजी एका पेल्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवलेले पाणी घेऊन दोन्हींत थेंबाथेंबाने व्हिनेगर टाकावे आणि निळा लिटमस कितव्या थेंबाला लाल होतो ते मोजावे. दोन पेल्यांतला थेंबांचा फरक पाहिल्यावर उदासिनीकरणाची व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नाही.

तिसऱ्या गटाकडे कालपट द्यावा. १९९९ चा आदेश आणि २००७ मध्ये चालू झालेली यंत्रणा यांच्या मधल्या आठ वर्षांत कोणी काय म्हटले, खर्चाचा मुद्दा कोणी काढला, बागायतदारांची तक्रार काय होती, हे जुन्या बातम्यांतून शोधणे हे या वयाच्या मुलांना झेपणारे काम आहे, मात्र बातम्यांची कात्रणे किंवा छापील प्रती आपण आधी गोळा करून द्याव्यात. मुलांना मोबाइल देऊन ‘शोधा’ म्हणण्याने गेल्या वर्षीचीच गत होईल. चौथ्या गटाने जवळच्या शेतकऱ्यांशी बोलावे. इथे एक सावधगिरी हवी : पानांवर बसलेली पांढुरकी राख आणि आम्लपर्जन्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेतकरी ज्याविषयी बोलतील ती बहुधा राख असेल. ती राखच आहे हे मुलांनी प्रामाणिकपणे नोंदवावे; तिला आम्लपर्जन्याच्या खात्यात ढकलू नये.

पाचव्या गटाने नकाशा घ्यावा. कॅनडातील सडबरी येथे निकेल-तांब्याच्या भट्ट्यांनी आसपासचा परिसर उजाड केला होता, म्हणून १९७२ मध्ये तिथे ३८१ मीटर उंचीची चिमणी उभारली गेली. गावातली हवा सुधारली, पण वायू वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन पडू लागला. स्वीडनची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची आहे. तिथल्या तळ्यांतले मासे नाहीसे होत होते, आणि आपल्या पावसातले आम्ल ब्रिटन व मध्य युरोपातल्या धुराड्यांतून येते आहे, हे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी १९६७ मध्ये जाहीरपणे मांडले. उंच चिमणी हा उपाय आहे की शेजाऱ्याच्या अंगणात कचरा लोटणे आहे, यावर आठवीची मुले तावातावाने भांडतात, आणि भांडू द्यावे.

हे सगळे झाल्यावर वर्गाने आपल्या दारचा प्रश्न घ्यावा. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचे, म्हणजे डहाणूच्या जवळजवळ सहापट. अशा केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये ठरले, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. सूट देणाऱ्यांचे म्हणणे असे की आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतील या वायूचे प्रमाण मर्यादेत आहे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की हा वायू हवेत सूक्ष्म सल्फेट कणांत बदलतो आणि ते कण फुप्फुसांत जातात. दोन्ही बाजू मुलांनीच मांडाव्यात आणि शिक्षकाने निकाल देऊ नये.

प्रश्न : आमची शाळा सोलापूर जिल्ह्यात आहे. सातवीच्या गटांनी जुलैभर पावसाचे पाणी जमवून त्याचा सामू, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे दाखवणारा अंक (पीएच), मोजला. प्रत्येक वेळी ६ किंवा ७ च आला. मुले हिरमुसली, आणि एका गटाने तर वहीत ५ असे खाडाखोड करून लिहिले. प्रयोग फसला असे समजावे का?

उत्तर : प्रयोग फसला नाही, ज्या गटाने खाडाखोड केली त्याचा तेवढा फसला. त्यांना रागावण्याऐवजी पुस्तकात जे वाचले तेच आकाशातून पडले पाहिजे असे त्यांना का वाटले, हे विचारावे.

शुद्ध पाण्याचा सामू ७ असला तरी स्वच्छ हवेतून पडणाऱ्या पावसाचा सामू ५.६ च्या आसपास येतो, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. त्याहून कमी सामू असलेल्या पावसाला आम्लपर्जन्य म्हणतात. सामूची मोजणी दहाच्या पटीत चालते, म्हणून ४.६ सामूचा पाऊस ५.६ च्या पावसापेक्षा दहापट आम्लधर्मी असतो; मुलांना हा एकच अंकाचा फरक किरकोळ वाटतो, तेव्हा तो आवर्जून सांगावा. आता सोलापूरचा पाऊस ५.६ च्याही वर का गेला, हाच खरा संशोधनाचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या कोरड्या मातीत कॅल्शियमचे क्षार असतात, उन्हाळाभर ती धूळ हवेत उडते, आणि पावसाच्या थेंबातले आम्ल या धुळीने उदासीन होते. भारताच्या बऱ्याच भागांत पाऊस आम्लधर्मी का नाही, याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिलेले मुख्य कारण हेच आहे. युरोपातल्या पुस्तकांवरून घेतलेल्या धड्यांत पहिला पाऊस सर्वांत आम्लधर्मी असे लिहिलेले असते. आपल्याकडे पहिल्या पावसात धूळही सर्वांत जास्त असते, त्यामुळे उलट चित्र दिसू शकते. जूनच्या पहिल्या सरींचे आणि ऑगस्टमधल्या झडीचे पाणी यांची तुलना हा पुढच्या वर्षीचा प्रकल्प झाला.

मोजणीबद्दल मात्र काही गोष्टी कडकपणे पाळाव्यात. १ ते १४ पट्ट्याचा सामूदर्शक कागद एका अंकापेक्षा बारीक फरक दाखवत नाही, म्हणून ५.६ आणि ६ यांतला भेद त्यावर शोधू नये; ४ ते ७ असा अरुंद पट्ट्याचा कागद मिळाला तर घ्यावा. पत्र्यावरून किंवा सिमेंटच्या गच्चीवरून ओघळलेले पाणी चालणार नाही. सिमेंट सामू चांगलाच वर नेते. ऊर्ध्वपातित पाण्याने विसळलेले प्लास्टिकचे भांडे झाडापासून आणि भिंतीपासून दूर, स्टुलावर, पाऊस सुरू झाल्यावर उघडे ठेवावे आणि सर थांबताच झाकावे. वीज कडाडत असेल तर कोणीही बाहेर जाऊ नये. हळदीचा दर्शक इथे कामाचा नाही, कारण हळद आम्लात पिवळीच राहते.

शिवाय प्रत्येक मोजणीबरोबर ऊर्ध्वपातित पाण्याची एक वाटी उघडी ठेवून तिचाही सामू घ्यावा. बाटली फोडल्यावर काही वेळाने तो ७ राहत नाही, ६ च्या खाली उतरू लागतो, आणि हवा स्वतःच पाण्याला थोडे आम्ल करते हे मुलांना कोणी न सांगता कळते.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. गटप्रकल्पासाठी तिने व्हिनेगरमध्ये खडू ठेवला, पण बुडबुडे आले नाहीत आणि खडू विरघळलाही नाही. काय चुकले असावे?

उत्तर : तिचे काहीच चुकले नाही, खडू वेगळा आहे. फळ्याचे बरेच खडू प्लास्टर ऑफ पॅरिसपासून, म्हणजे जिप्समपासून बनतात आणि जिप्सम व्हिनेगरमध्ये फसफसत नाही. त्याऐवजी अंड्याचे कवच, शिंपला, संगमरवराची चिप किंवा शहाबादी फरशीचा तुकडा घ्यावा; शहाबादी हा चुनखडकच आहे. शेजारी एक काळ्या दगडाचा, बेसॉल्टचा, तुकडाही ठेवावा. तो स्वस्थ बसतो, आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या मंदिरांत दगडाआधी सांध्यांतला चुना का झिजतो याचा अंदाज येतो.

दोन गोष्टी वहीत लिहायला सांगाव्यात. व्हिनेगरचा सामू अडीच ते तीनच्या दरम्यान असतो, म्हणजे साडेचार सामूच्या आम्लपर्जन्यापेक्षा ते काही दहापटींपासून शंभरपटीपर्यंत तीव्र आहे. तासाभरात दिसणारी झीज पावसाने व्हायला वर्षे लागतात, आणि आम्लपर्जन्याने कातडी भाजत नाही. दुसरी गोष्ट खडूच्याच नात्यातली : गंधकाम्लाने संगमरवराचा पृष्ठभाग जिप्सममध्ये बदलतो, आणि मग ते जिप्सम पावसाने धुऊन जाते किंवा पापुद्र्यांनी सुटते.

याच ओघात ताजमहालाचे उदाहरण येतेच. गंधकाचे वायू संगमरवराला घातक आहेत, आणि त्याच काळजीपोटी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात ताजभोवतालच्या २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्यास किंवा तेथून हलण्यास सांगितले. पण ताज पिवळा पडला तो आम्लपर्जन्याने, असे सरसकट लिहू नये. त्या पिवळेपणात धुळीचा आणि जळणातून येणाऱ्या कार्बनच्या कणांचा वाटा मोठा आहे, असे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे.

प्रश्न : गटात एक-दोघेच काम करतात आणि गुण सगळ्यांना मिळतात. आकारिक मूल्यमापनात याची नोंद कशी करावी?

उत्तर : गटाच्या कामाला गुण देणे बंद करावे आणि गटातून प्रत्येकाने काय नेले याला द्यावेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत बसवलेली पद्धत इथे उपयोगी पडते. आधी कोळशाचा गट, यंत्रणेचा गट, कालपटाचा गट असे तज्ज्ञ गट काम करतात. मग हे गट मोडायचे आणि प्रत्येक तज्ज्ञ गटातला एकेक जण घेऊन नवे गट बांधायचे. नव्या गटात कोळशाचा हिशेब सांगणारी एकच मुलगी असते. ती गप्प बसली तर बाकीच्यांचे कोडे अपुरे राहते, त्यामुळे हुशार मुलाने सगळे ओढून नेण्याची सोय राहत नाही. दोन तज्ज्ञ गटांत एकच उपविषय दिला तर गैरहजेरीची पंचाईतही टळते.

त्यानंतर लेखी चाचणीत प्रत्येकाला स्वतःच्या गटाबाहेरचा एक प्रश्न विचारावा : शेतकऱ्यांशी बोललेल्या मुलाला १० किलो वायूचा हिशेब, नकाशाच्या गटातल्या मुलीला सोड्याच्या पाण्यातले थेंब. प्रकल्पवहीतल्या सजावटीला गुण ठेवू नयेत. तारीख, वेळ, भांडे कुठे ठेवले, कागदाचा रंग कोणाला कसा दिसला आणि दोघांच्या वाचनात फरक पडला तेव्हा काय ठरवले, या नोंदींना ठेवावेत. एकाच वाटीतल्या पाण्याला एकाने ६ आणि दुसऱ्याने ७ म्हटले आणि दोन्ही आकडे तसेच लिहिले, तर त्या नोंदीला पूर्ण गुण द्यावेत.