विस्तार शिक्षणासाठी कॉलेज कुठलं घेऊ?

प्रश्न : सर, मी मेहकर तालुक्यातली आहे, बारावी सायन्स झाली, सीईटी पण दिलीय. मला शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवायचं काम करायचंय म्हणून ॲग्रीमध्ये विस्तार शिक्षण घ्यायचंय. घरचे म्हणतात जवळच्या प्रायव्हेट कॉलेजला जा, लगेच ॲडमिशन मिळेल. काय करू?

उत्तर : आधी एक गैरसमज काढून टाक. बीएस्सी ॲग्री चार वर्षांची, त्यात मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, अर्थशास्त्र असं सगळंच असतं आणि विस्तार त्यातलाच एक विषय, स्पेशलायझेशन होतं ते पुढे एमएस्सीला. त्यामुळे आत्ता कुठल्या कॉलेजचा विस्तार विभाग भारी हे शोधत बसू नकोस, कॉलेजला स्वतःची जमीन किती आणि तिच्यावर पोरं खरंच काम करतात का ते बघ.

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी, दापोली. तुला अकोला जवळचं. विद्यापीठाच्या स्वतःच्या कॉलेजला नंबर लागत असेल तर डोळे झाकून घे, फी कमी आणि शास्त्रज्ञ, प्रयोगाचे प्लॉट सगळं आवारातच. प्रायव्हेट सगळीच वाईट असं मी म्हणत नाही, पण काही ठिकाणी ‘फार्म’ म्हणजे गेटजवळची चार आंब्याची झाडं हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सुट्टी नसेल त्या दिवशी बाबांना घेऊन न सांगता जाऊन ये आणि ऑफिसात न बसता थेट चौथ्या वर्षाच्या पोरींना गाठ. चौथ्या वर्षाला पोरींना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं, तेव्हा त्यांना कृषीकन्या म्हणतात. त्यांना विचार, कृषीकन्या म्हणून कुठल्या गावात होता, किती दिवस खरंच राहिलात, सर किती वेळा आले?

कारण विस्तार शिकायचा तो त्या गावातच. आमच्या वेळी मी पहिल्या दिवशी गावच्या मंदिरात माती परीक्षणावर अर्धा तास बोललो, चार म्हातारे होते त्यातले दोन झोपले. मग एका काकांच्या घरचं सोयाबीन घेतलं, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, आठवड्याने उघडलं तर साठसुद्धा उगवले नव्हते. उगवण सत्तरच्या खाली म्हणजे बियाणं वाढवून पेरायचं नाहीतर बदलायचं, हे त्यांना सांगावंच लागलं नाही, संध्याकाळी आणखी सात जण आपापलं बियाणं घेऊन हजर!

नोकरीचं म्हणशील तर कृषी विभाग, एमपीएससी, बँकेत ॲग्री ऑफिसर, हे बीएस्सीवर होतं. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायचं असेल तर मात्र एमएस्सी लागतेच, म्हणून सहा वर्षांची तयारी ठेव आणि घरी हे आत्ताच सांगून टाक.

आणि हो, फॉर्मला सातबारा जोड, त्याचे मेरिटमध्ये जादा गुण मिळतात. दरवर्षी निम्मी पोरं शेवटच्या दिवशी तलाठ्याला फोन लावत बसलेली असतात.